सांगावे केव्हा आणि हाक मारावी केव्हा : संगणकाच्या नोंदींची प्रतवारी



धार जिल्ह्याच्या धरमपुरी तालुक्यातून कारम नावाची नदी वाहते आणि पुढे नर्मदेला मिळते. या नदीवर कोठीदा गावाजवळ मातीचे धरण बांधण्याचे काम चालू होते. बांध अद्याप पुरा झालेला नव्हता आणि त्याच्यामागे पावसाचे पाणी साठले होते. अशा स्थितीत ११ ऑगस्ट २०२२ रोजी बांधातून पाणी झिरपत असल्याचे आढळून आले. त्यानंतर धार व खरगोन या दोन जिल्ह्यांतील १८ गावे रिकामी करण्यात आली, सैन्याची पथके बोलावण्यात आली, आणि पाण्याला वाट करून देण्यासाठी बांधाच्या बाजूने चर खोदण्यात आला. १४ ऑगस्टच्या संध्याकाळी त्या चराचे तोंड रुंदावत गेले, बांधाचा मोठा भाग वाहून गेला आणि साठलेले पाणी वेगाने खाली उतरले. शेतीचे नुकसान झाले. परंतु गावे आधीच रिकामी झालेली असल्यामुळे मनुष्यहानी टळली.

बांध कसा बांधला गेला, हा प्रश्न वेगळा आहे. आजच्या विषयापुरती एकच गोष्ट ध्यानात घ्यावयाची आहे. ‘बांधातून पाणी झिरपत आहे’ हे वाक्य मातीच्या कोणत्याही धरणावर, कोणत्याही दिवशी, खरे असू शकते. मातीच्या बांधातून थोडे पाणी झिरपणे हे स्वाभाविकच असते. ते मोजण्यासाठी बांधाच्या पायथ्याशी त्रिकोणी खाचेची पाटी बसवितात, तिच्यावरून किती पाणी येते ते पाहतात आणि वहीत टिपतात. पाणी निवळ असेल व त्याचे प्रमाण रोजच्याएवढेच असेल, तर ती केवळ नोंद होय. जलाशयाची पातळी वाढलेली नसताना झिरपा वाढू लागला, तर तो इशारा होय. आणि पाणी गढूळ येऊ लागले, तर ते पाणी बांधाच्या पोटातील माती बरोबर घेऊन येत आहे असा त्याचा अर्थ होतो. तेथे वही मिटून धावले पाहिजे. वाक्य एकच, परंतु त्याच्या पायऱ्या तीन आहेत. कोणती बातमी कोणत्या पायरीवर ठेवावयाची, हे ज्याला कळते तोच खरा पहारेकरी.

संगणकाची रोजकीर्द

पूर्वी हा पहारा माणसे करीत. आता त्यांच्या जोडीला संगणक आला आहे. धरणाची पातळी, विजेचा पुरवठा, रास्त भाव दुकानातील अंगठ्याचे यंत्र, शाळेची हजेरी, ग्रामपंचायतीचे दाखले, या सर्वांच्या मागे संगणकाची आज्ञावली, म्हणजेच सॉफ्टवेअर, काम करीत असते. प्रत्येक चांगली आज्ञावली आपण काय केले, काय करता आले नाही आणि वाटेत काय आढळले, हे वेळेसह लिहून ठेवते. या नोंदवहीला संगणकाच्या व्यवहारात ‘लॉग’ असे म्हणतात. मराठ्यांच्या राज्यकारभारात दिवसाच्या व्यवहारांची जी वही ठेवीत, तिला रोजकीर्द असे नाव होते. लॉग ही संगणकाची रोजकीर्दच होय.

फरक इतकाच की कारकून दिवसाला काही पाने लिहितो आणि संगणक तासाभरात लाखो ओळी लिहू शकतो. एवढ्या ओळी कोणीही वाचू शकत नाही. म्हणून प्रत्येक ओळीवर तिच्या गांभीर्याची एक खूण लावण्याची रीत पडली. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत एरिक ऑलमन यांनी १९८० नंतरच्या दशकात टपालाच्या एका आज्ञावलीसाठी ‘सिसलॉग’ नावाची नोंदपद्धती तयार केली. पुढे ती सर्वत्र रुळली आणि २००९ मध्ये तिचे सुधारलेले प्रमाणरूप प्रसिद्ध झाले. या पद्धतीत शून्यापासून सातपर्यंत आठ पायऱ्या आहेत. आकडा जितका लहान, तितकी बातमी अधिक गंभीर.

तळापासून वर जाऊ लागल्यास त्यांचा क्रम असा लागतो. सातवी पायरी तपासाच्या तपशिलाची. ती आज्ञावली लिहिणाऱ्याच्या उपयोगाची असते आणि तिला डीबग म्हणतात. सहावी साध्या माहितीची. पाचवी दखल घेण्याजोग्या, पण नेहमीच्या घटनेची. चौथी इशाऱ्याची, म्हणजे वॉर्निंगची. तिसरी चुकीची, म्हणजे एररची. एखादे काम झाले नाही, असा तिचा अर्थ. दुसरी गंभीर बिघाडाची. पहिली ताबडतोब कृती करण्याची. आणि शून्याची पायरी म्हणजे आणीबाणी. यंत्रणा वापरण्याजोगी उरली नाही, असे ती सांगते. अनेक आज्ञावल्यांत आठांऐवजी पाच-सहाच पायऱ्या ठेवतात. पायऱ्या किती आहेत याला फारसे महत्त्व नाही. त्या कोणत्या कसोटीवर लावल्या जातात याला आहे.

कसोटी कोणती?

आज्ञावली लिहिणारा पुष्कळदा स्वतःच्या मनाकडे पाहून पायरी ठरवितो. एखादी घटना त्याला अनपेक्षित वाटली की तो ‘चूक’ असे लिहितो. फार अनपेक्षित वाटली की ‘गंभीर’ असे लिहितो. ही कसोटी योग्य नव्हे. लिहिणाऱ्याला किती धक्का बसला, हे वाचणाऱ्याच्या काय उपयोगाचे? वाचणाऱ्याने आता काय करावयाचे, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याच्या उत्तरावरूनच पायरी ठरली पाहिजे.

कोणी काहीच करावयाचे नसेल, तर ती माहिती होय. या आठवड्यात केव्हातरी पाहिले तरी चालेल, तो इशारा. आजच्या आज दुरुस्ती हवी, ती चूक. आणि झोपलेल्या माणसाला रात्री दोन वाजता उठवावे लागेल, ती गंभीर बाब किंवा आणीबाणी. ज्या बातमीसाठी कोणालाही उठवणे उचित ठरणार नाही, तिच्यावर आणीबाणीची खूण लावण्याचा अधिकार कोणालाही नाही.

भारतीय हवामान विभागाचे रंग हेच सांगतात. हिरव्या रंगात काहीही करावयाचे नसते. पिवळ्यात लक्ष ठेवावयाचे असते. नारिंगीत तयारीत राहावयाचे असते. आणि तांबड्यात प्रत्यक्ष कृती करावयाची असते. पाऊस किती मिलिमीटर पडेल, एवढाच विचार या रंगांमागे नाही. त्या पावसाने लोकांवर काय परिणाम होईल आणि लोकांनी काय करावे, हा विचारही आहे. केंद्रीय जल आयोगाच्या पूरविषयक वर्गवारीतही असाच क्रम आहे. पाणी इशारा-पातळीच्या खाली असेल तर स्थिती सामान्य. इशारा-पातळी आणि धोका-पातळी यांच्यामध्ये असेल तर सामान्याहून वर. धोका-पातळीच्या वर असेल तर तीव्र. आणि आजवरच्या सर्वोच्च पूरपातळीला पोहोचले किंवा ती ओलांडली तर अतितीव्र. धार आणि देवास या दोन्ही जिल्ह्यांना दक्षिणेकडे नर्मदेचा काठ लाभला आहे. तेथील गावकऱ्याला संगणकाचे शास्त्र ठाऊक नसेल, परंतु पायरी चुकली तर काय होते, हे त्याला समजावून सांगावे लागत नाही.

सर्वच तातडीचे, म्हणजे काहीच तातडीचे नाही

पायरी दोन प्रकारे चुकते. पहिला प्रकार ती उगाच चढविण्याचा. कचेरीत काम करणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. नस्तीला ‘तातडीचे’ अशी चिठ्ठी लावली की ती लवकर हलते, हे लक्षात येताच प्रत्येक नस्तीला ती चिठ्ठी लागते. मग खरोखर घाईच्या नस्तीसाठी ‘अति तातडीचे’ अशी नवी चिठ्ठी निघते आणि काही दिवसांनी तीही सर्वांना लागते. अखेर चिठ्ठ्या रंगीत राहतात आणि नस्त्या पूर्वीच्याच गतीने चालतात. संगणकाच्या नोंदींचे नेमके असेच होते.

याचा परिणाम किती दारुण होऊ शकतो, याचे उदाहरण इंग्लंडशेजारच्या वेल्समध्ये घडले. तेथील मिलफर्ड हेवन येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात २४ जुलै १९९४ रोजी मोठा स्फोट होऊन २६ जण जखमी झाले. चौकशीत असे दिसून आले की स्फोटापूर्वीच्या अखेरच्या ११ मिनिटांत नियंत्रण कक्षातील दोन चालकांपुढे २७५ धोक्याच्या घंटा वाजल्या होत्या. बहुतेक घंटांना वरची प्रत दिलेली होती. म्हणजे कोणतीच घंटा दुसरीपेक्षा अधिक निकडीची ठरत नव्हती. सूचना कमी पडल्या नव्हत्या; त्या एवढ्या झाल्या की त्यांतून सूचना मिळेनाशी झाली.

त्यानंतर १९९९ मध्ये ब्रिटनमधील एका संस्थेने यासंबंधी मार्गदर्शिका काढली. स्थिर स्थितीत एका चालकापुढे सरासरी १० मिनिटांत एकाहून अधिक घंटा येऊ नये, आणि एकूण घंटांपैकी सुमारे ५ टक्के वरच्या, १५ टक्के मधल्या व ८० टक्के खालच्या प्रतीच्या असाव्यात, असे तिचे सांगणे आहे. हे आकडे कारखान्यांतील घंटांसाठी आहेत. परंतु त्यांमागील बोध संगणकाच्या कोणत्याही नोंदवहीला लागू पडतो. माणसाचे लक्ष ही मोजकी शिल्लक आहे. ती किरकोळ बातम्यांवर खर्च झाली, तर मोठ्या बातमीच्या वेळी हाती काही उरत नाही.

दडपलेली बातमी

दुसरा प्रकार पायरी उतरविण्याचा, आणि तो अधिक घातक होय. वरच्या प्रतीची नोंद झाली की वर विचारणा होते, अहवाल मागविला जातो, खुलासा द्यावा लागतो. म्हणून ‘चूक’ ही ‘इशारा’ होते आणि ‘इशारा’ ही ‘माहिती’ होते. कंत्राटदाराच्या देयकातून चुकांच्या संख्येप्रमाणे कपात होत असेल, तर त्याच्या आज्ञावलीत चुका फार थोड्या नोंदल्या जातील, हे उघड आहे. झिरप्याचे पाणी गढूळ आले असताना ‘झिरपा नेहमीप्रमाणे’ असे लिहिण्यासारखेच हे आहे. धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ या कायद्याने धरणांच्या पाहणीची आणि महत्त्वाच्या घटनांची नोंदवही ठेवणे बंधनकारक केले आहे. परंतु कायदा वही ठेवावयास लावू शकतो. तिच्यात खरी पायरी लिहावयाची की नाही, हे शेवटी लिहिणाऱ्याच्या आणि त्याच्या वरिष्ठाच्या हाती असते. खरी बातमी देणाऱ्याला जेथे प्रथम शिक्षा होते, तेथे नोंदवह्या नेहमीच स्वच्छ आणि धरणे नेहमीच सुरक्षित दिसतात.

दोन उदाहरणे

देवासजवळ जामगोदरानीच्या टेकड्यांवर पवनचक्क्या उभ्या आहेत. पवनचक्कीच्या संगणकाने ‘चक्की थांबली’ असे लिहिले, तर ती कोणत्या पायरीची बातमी मानावी? वारा पुरेसा नसल्यामुळे पाती थांबली असतील, तर ती निव्वळ माहिती. वादळी वाऱ्यात चक्की आपण होऊन थांबली असेल, तर तिने आपले कर्तव्यच केले. ती दखल घेण्याजोगी, पण समाधानाची नोंद. दात्यांच्या पेटीतील तेल तापत चालले असेल, तर चक्की थांबण्यापूर्वीच तो इशारा यावयास हवा होता. आणि वादळात चक्की थांबावयास हवी असताना रोधक लागत नसेल, तर ती आणीबाणी होय. येथे सर्वांत भयंकर बातमी ‘थांबली’ ही नसून ‘थांबत नाही’ ही आहे. यास्तव पायरी घटनेच्या नावावरून ठरवू नये; कारण आणि परिणाम पाहून ठरवावी.

दुसरे उदाहरण गावातल्या रास्त भाव दुकानाचे. एखाद्या वृद्ध बाईचा अंगठा यंत्राला जुळला नाही. कष्टाने झिजलेल्या बोटांचे ठसे पुष्कळदा जुळत नाहीत. दुसरे बोट लावले की काम होते. म्हणून पहिल्या वेळची नोंद साधी माहिती असावी. सर्व बोटे आणि पर्यायी उपाय वापरूनही तिला धान्य न देता परत पाठवावे लागले, तर ती ‘चूक’ म्हणून नोंदली गेलीच पाहिजे. कारण यंत्रणेचे जे एकमेव काम, तेच झाले नाही. आणि सकाळपासून एखाद्या तालुक्यातील एकाही दुकानात एकही अंगठा जुळत नसेल, तर दोष बोटांत नसून यंत्रणेत आहे. ती गंभीर बाब होय आणि संबंधित अभियंत्याचा दूरध्वनी त्याच क्षणी वाजला पाहिजे.

यांत्रिक दृष्टीने पाहता यंत्र तिन्ही वेळा ‘ठसा जुळला नाही’ एवढेच सांगते. त्यातून पायरी ठरते ती बाईच्या रिकाम्या पिशवीकडे पाहिल्यानंतर. ज्या आज्ञावलीच्या नोंदवहीत ती पिशवी कोठेच दिसत नाही, ती आज्ञावली अचूक चालत असूनही अपुरी आहे.

एका गावात दोन दरबार नकोत

देवासच्या इतिहासातून आणखी एक दृष्टान्त घेता येईल. तुकोजीराव आणि जिवाजीराव पवार या बंधूंपासून तेथे थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थाने झाली. एकाच गावात दोन राजे, दोन दरबार आणि दोन कारभार नांदले. १९४८ मध्ये ती दोन्ही मध्यभारतात विलीन झाली. आजच्या कचेऱ्यांतील संगणकांची स्थिती पुष्कळदा अशीच असते. एका कंपनीची आज्ञावली जिला ‘गंभीर’ म्हणते, तिला दुसऱ्या कंपनीची आज्ञावली ‘इशारा’ म्हणते. दोन्ही नोंदी एकाच पडद्यावर आल्या की पाहणारा गोंधळतो. म्हणून जिल्ह्यात किंवा खात्यात एकच मोजपट्टी असावी, ती लेखी असावी, आणि आज्ञावली स्वीकारण्यापूर्वी तिच्या नोंदी त्या मोजपट्टीवर पारखून घ्याव्यात.

ही मोजपट्टी तयार करताना अधिकाऱ्यांनी पुढील गोष्टी पाहाव्यात. प्रत्येक वरच्या पायरीपुढे कृती आणि ती करणाऱ्याचे पद लिहिलेले असावे. जेथे पद लिहिता येत नाही, तेथे ती पायरी खोटी समजावी. काम पुन्हा करून पाहण्याची सोय असेल, तर प्रत्येक फसलेल्या प्रयत्नाला ‘चूक’ म्हणू नये. अखेरचा प्रयत्न फसला की मगच म्हणावे. एकच बिघाड हजार वेळा हजार ओळींत लिहू नये; एकदा लिहून किती वेळा घडला तो आकडा द्यावा. नुसते ‘चूक झाली’ असे लिहू नये. कोठे, केव्हा, कोणत्या कामात आणि आता काय करावे, हे त्याच ओळीत यावे. तपासाच्या तपशिलात नागरिकांचे आधार क्रमांक किंवा परवलीचे शब्द कधीही येऊ देऊ नयेत. जे चावडीवर लावता येणार नाही, ते नोंदवहीतही उघडे पडू नये. आणि वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळ्यापूर्वी, मागील वर्षीच्या वरच्या प्रतीच्या नोंदी काढून पाहाव्यात. ज्या नोंदीवर वर्षभर कोणी काहीही केले नाही, ती खाली उतरवावी. आणि ज्या दुर्घटनेपूर्वी कोणतीच वरची नोंद आली नाही, तेथे नवी नोंद घालावी.

शिक्षकांनाही या विषयाचा वर्गात उपयोग करता येण्यासारखा आहे. शाळेतील एका दिवसाच्या दहा घटना फळ्यावर लिहाव्यात: खडू संपला, नळाला पाणी नाही, एक विद्यार्थी गैरहजर, भिंतीला तडा गेला, पोषण आहारातील तांदळाला वास येतो. मुलांनी त्या पायऱ्यांवर लावाव्यात आणि प्रत्येकीपुढे ‘कोणी काय करावे’ ते लिहावे. ‘भिंतीला तडा गेला’ ही बातमी कोणत्या पायरीची, यावर वाद होईल. तो तडा जुना आहे की नवा, वाढतो आहे की तसाच आहे, असे मुले विचारू लागली की धडा समजला असे मानण्यास हरकत नाही.

गावकऱ्यांच्या वाट्याला यातले जे येते, तेही लहान नाही. तांबडा इशारा आला आणि एखादे वेळी पाऊस पडलाच नाही, तर तो इशारा खोटा ठरला असे समजू नये. सावधगिरीला तेवढे मोल द्यावेच लागते. परंतु प्रत्येक आठवड्यास तांबडा इशारा येऊ लागला आणि दर वेळी तो वाया गेला, तर त्याविषयी ग्रामसभेत विचारण्याचा हक्कही त्यांना आहे. विश्वास ही दोन्ही बाजूंनी राखावयाची गोष्ट आहे.

संगणक थकत नाही आणि झोपत नाही, म्हणून त्याला पहाऱ्यावर बसविले आहे. परंतु कोणते पाणी निवळ आणि कोणते गढूळ, हे त्याला जन्मतः ठाऊक नसते. ते त्याला कोणीतरी शिकवावे लागते. कारमेच्या काठी १८ गावे रिकामी झाली, कारण एका बातमीला तिची खरी पायरी मिळाली आणि तिच्यामागोमाग माणसे हलली. अशी बातमी पुढच्या खेपेस एखादे यंत्र प्रथम देईल. त्या वेळी ते नुसते वहीत लिहील की दार ठोठावील, हे आज, कोरड्या दिवसांत, कचेरीत बसून ठरवावयाचे आहे.